गिअर शाबूत, निरोप हरवलेला: जुन्या पिकअपची फोर-व्हील ड्राइव्ह भर बर्फात हाताने कशी जोडायची

मिशिगन, मिनेसोटा, ऑन्टारिओ, अल्बर्टा या भागांत वीस-पंचवीस वर्षं जुने पिकअप ट्रक अजून रोजच्या राबत्यात आहेत. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या दारातही असा एखादा ट्रक उभा दिसतो. तो स्वस्तात मिळतो, सुटे भाग कुठल्याही दुकानात असतात, आणि फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हटल्यावर घेणाऱ्याला हिवाळ्याची धास्ती उरत नाही. मग पहिला मोठा बर्फ पडतो. गाडी रस्त्याकडेच्या चरात उतरते, लिव्हर ओढला जातो, मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि पुढची दोन ढिम्म.

गिअर तुटले, हा पहिला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. या ट्रकांचे गिअर आणि साखळ्या दणकट असतात. बिघडते ती त्यांच्यापर्यंत हुकूम पोचवणारी यंत्रणा: कुजलेली व्हॅक्यूमची नळी, गंजलेला कनेक्टर, झिजून पडलेलं प्लॅस्टिकचं बुश, थंडीने आळसावलेला ॲक्च्युएटर (जोड प्रत्यक्ष सरकवणारा भाग). निरोप पोचत नसेल तर तो हाताने पोचवायचा, एवढाच या दुरुस्तीचा गाभा. मात्र निरोप नेमका कुठे अडला ते आधी कळायला हवं. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दोन जोड, दोन्ही जुळले तरच चाल

पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या जोडायच्या, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांपर्यंत ताकद जाताना वाटेत दोन ठिकाणी जोड असतो. पहिला ट्रान्सफर केसमध्ये. गिअरबॉक्सला चिकटलेली ही पेटी टू-हायमध्ये फक्त मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) फिरवते, फोर-हायमध्ये पुढचाही त्याला जोडते. दुसरा जोड पुढच्या ॲक्सलमध्ये किंवा चाकांच्या हबांत (मधल्या तुंब्यांत). टू-व्हीलवर चालताना पुढचं सगळं लटांबर उगाच फिरू नये म्हणून तो सोडवलेला असतो.

हा दुसरा जोड बऱ्याच गाड्यांत फक्त एका बाजूला, उजव्या ॲक्सल शाफ्टवर असतो. शाफ्टचे दोन तुकडे केलेले, आणि मध्ये दात्यांची सरकती कॉलर. एकच बाजू सोडवून दोन्ही चाकं मोकळी कशी होतात? साधा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. एका बाजूला अडवणारं काहीच नसेल तर तिथे जोर शून्य, म्हणून दुसऱ्या बाजूलाही शून्य. हाताने फिरवायच्या हबांचंही तेच. डावा हब लॉक आणि उजवा फ्री असेल तर पुढचं एकही चाक ओढत नाही. अंधारात घाईने एकच हब फिरवून ‘फोर-व्हील गेली’ म्हणणारे कमी नाहीत.

काय अडलंय ते पाच मिनिटांत

आधी एक्झॉस्ट पाइपाभोवतीचा बर्फ फावड्याने काढा. पाइप बुजला असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला वास नसतो, त्यामुळे काही कळायच्या आत माणूस गुंगतो.

मग इंजिन बंद असतानाच पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची किंवा रंगाची एक जाड रेघ मारा. कुणाला तरी चालकाच्या जागी बसवा, फोर-हाय टाकायला सांगा आणि अगदी हलका ॲक्सिलरेटर द्यायला लावा. तुम्ही गाडीच्या बाजूला तीन-चार मीटरवर उभे राहा. समोर नाही, मागे नाही आणि खाली तर मुळीच नाही. टॉर्चचा झोत शाफ्टवर टाका.

रेघ फिरते आहे, पण पुढची दोन्ही चाकं स्थिर आहेत: ट्रान्सफर केस ठीक, दोष पुढच्या ॲक्सलमध्ये किंवा हबात. रेघ फिरतच नाही, मागचं चाक मात्र फिरतं आहे: दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या लिव्हर-मोटरमध्ये. रेघ फिरते आणि पुढचं एक, मागचं एक अशी दोन चाकं फिरतात: मग काहीच बिघडलेलं नाही. दोन्ही डिफरन्शियल साधे असले की फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे प्रत्यक्षात दोनच चाकांची घसरण. अशा गाडीखाली झोपून नळ्या तपासण्यात अर्थ नाही. फावडं घ्या, चाकांपुढचा बर्फ उपसा, टायरची हवा ३५ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांखाली वाळू किंवा केबिनमधलं रबरी पायपुसणं सरकवा. (वेगात जाण्याआधी हवा परत भरायची.)

पुढच्या चाकाजवळून कडकड असा धातूचा आवाज आला तर मात्र शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) किंवा दाते खरंच तुटले असण्याची शक्यता आहे. ती वाट वेगळी. तिच्याकडे शेवटी येऊ.

गाडीखाली शिरण्याआधी

दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये गेली की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पार्क गाडी धरून ठेवत नाही. लिव्हर पार्कमध्ये दिसतो आणि गाडी उतारावर चालू पडते. बऱ्याच पेट्यांत फोर-हाय आणि फोर-लो (कमी वेगाची, जास्त ओढीची फोर-व्हील) यांच्या मध्येच न्यूट्रल असतं, आणि तुम्ही नेमका तोच दांडा खालून ढकलणार असता. म्हणून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा, चावी काढून खिशात टाका. हँडब्रेकची केबल मिठाने गंजून गेलेली असते, तिच्यावर एकटीवर विसंबू नका. दोन, बर्फावर जॅक लावून गाडीखाली जायचं नाही. बर्फ दबतो, जॅक तिरपा होतो. इथली सगळी कामं चारही चाकं जमिनीवर ठेवूनच होतात; पिकअपखाली तेवढी जागा असते.

थंडीचं गणितही आधी मांडा. उणे वीस सेल्सिअसला ओल्या हातमोज्यांत बोटं काही मिनिटांत बधिर होतात आणि बधिर बोटांतून बोल्ट पडला की तो वसंतातच सापडतो. आत पातळ नायट्रिल हातमोजे, वर जाड; बारीक कामापुरते वरचे काढायचे. पाठीखाली फोमची चटई किंवा जाड पुठ्ठा. दर वीस मिनिटांनी केबिनमध्ये परत. तीन फेऱ्यांत काम झालं नाही तर ते सोडून टो ट्रक बोलवायचा. मोबाइलला रेंज नसेल तर हा निर्णय पहिल्याच फेरीनंतर घ्यावा.

साहित्यही थंडीत वेगळं वागतं. नायलॉनचे केबल टाय कडक होऊन आवळताना तुटतात, म्हणून ते आधी अंगाजवळच्या खिशात गरम करा किंवा सरळ दीड मिलिमीटरची मऊ लोखंडी तार वापरा. विजेची काळी टेप चिकटत नाही. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप मात्र थंडीतही लवचीक राहते. दोन नळ्यांचा इपॉक्सी आणि गॅस्केटचा सिलिकॉन या तापमानाला वेळेत सुकत नाहीत, त्यांच्या भरवशावर काहीही बेतू नका.

व्हॅक्यूमवाल्या गाड्या

१९९४ ते २००१ च्या डॉज रॅम, १९८४ ते साधारण १९९१ च्या जीप चेरोकी आणि जुन्या शेव्हरले एस-१० पिकअप, या सगळ्यांत पुढचा जोड इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर, चालतो. वाट अशी: इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डपासून (हवा आत नेणाऱ्या नळकांड्यापासून) नळी, वाटेत एकदिशा व्हॉल्व्ह, तिथून ट्रान्सफर केसवरचा व्हॅक्यूम स्विच, आणि स्विचपासून ॲक्सलवरच्या डबीपर्यंत. डबीत एक पडदा असतो; ओढ मिळाली की तो काट्याने कॉलर सरकवतो. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो, म्हणून डिझेल रॅममध्ये त्यासाठी वेगळा पंप आहे.

नळ्या कडक प्लॅस्टिकच्या आणि टोकं रबराची. पंचवीस हिवाळ्यांनंतर रबर हाताला काळं लागतं आणि प्लॅस्टिक बोटाने मोडतं. बॅटरीच्या आसपास ॲसिडच्या वाफांनी ती आधी कुजतात. एक खूण केबिनमध्ये बसूनच मिळते: चढावर ॲक्सिलरेटर दाबला की हीटरची हवा तोंडावरून आपोआप काचेकडे वळत असेल, तर व्हॅक्यूम कुठेतरी गळतो आहे. अनेक गाड्यांत हीटरच्या झडपाही याच व्हॅक्यूमवर हलतात. दुसरी खूण म्हणजे नळीत लाल तेल. ट्रान्सफर केसवरच्या स्विचचं सील गेलं की इंजिन आतलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही वापरतात ते लाल तेल) वर ओढून घेतं. ही नळी तोंडाने ओढून तपासू नका.

तपासणी इंजिनकडून सुरू करा. इंजिन आयडलवर ठेवून पहिल्या जोडाशी नळी काढा आणि बोट लावा. चांगल्या पेट्रोल इंजिनला समुद्रसपाटीच्या आसपास १७ ते २१ इंच पारा एवढा व्हॅक्यूम असतो, बोट घट्ट चिकटतं. तिथे ओढ असेल तर पुढच्या जोडाकडे जा. ओढ जिथे संपते त्याच्या अलीकडच्या तुकड्यात दोष. तो तुकडा चार मिलिमीटरच्या रबरी व्हॅक्यूम नळीने बदला, संपलं. नळी ताठ झाली असेल तर टोक तळहातात धरून मऊ करा. जोर लावून ढकललं तर डबीची प्लॅस्टिकची चोच मोडते आणि मग खरी पंचाईत.

दोष सापडत नसेल किंवा स्विचच गेला असेल, तर स्विच वगळायचा. ॲक्सलवरच्या डबीला सहसा दोन चोची असतात: एकीला ओढ दिली की जोड लागतो, दुसरीला दिली की सुटतो. मॅनिफोल्डपासून दीड-दोन मीटरची नवी नळी थेट जोडणाऱ्या चोचीला लावा. दुसरी चोच उघडी ठेवणं भाग आहे. ती बंद केली तर आतली हवा अडकून पडदा हलत नाही. चिखल जाऊ नये म्हणून तिच्यावर बोटभर नळी खाली तोंड करून बसवा. जुन्या वाटेचं इंजिनकडचं टोक मात्र बुजवा. त्याला गोल्फचा लाकडी टी अगदी नेमका बसतो, छोटा बोल्टही चालतो. उघडं राहिलं तर इंजिन आयडलवर थरथरतं आणि डबीला ओढ मिळत नाही. नवी नळी एक्झॉस्टपासून हातभर लांब ठेवून तारेने बांधा.

जोड लगेच लागला नाही तर दाते एकमेकांच्या खाचांशी जुळलेले नाहीत. गाडी अर्धा मीटर पुढे-मागे हलली की खट् असा आवाज येऊन कॉलर बसते. वेगाने फिरणाऱ्या चाकांवर ती बसवायचा प्रयत्न म्हणजे दात्यांच्या कडा स्वहस्ते गोल करून घेणं.

एस-१० मध्ये हे काम सर्वांत सोपं आहे. तिची डबी ॲक्सलवर नसून बॅटरीच्या ट्रेखाली असते आणि तिथून एक केबल ॲक्सलच्या काट्यापर्यंत जाते. व्हॅक्यूम गेला असेल तर ती केबल हाताने ओढायची आणि परत जाऊ नये म्हणून तिच्या आवरणाच्या तोंडाशी ग्रिप प्लायर (आवळून तसाच अडकून राहणारी पकड) लावून ठेवायचा. दोन मिनिटांत पुढचा ॲक्सल जोडला जातो. प्लायरला तारेचा एक वेढा द्या, नाहीतर खड्ड्यात तो उडतो.

कॉलर हाताने सरकवणं

रॅम आणि चेरोकीत डबीच फाटली असेल तर ॲक्सलच्या उजव्या नळीवरचं झाकण उघडावं लागतं. चार बोल्ट, ते सहसा गंजलेले. आधी तारेच्या ब्रशने खरवडा, गंज सोडवणारं तेल मारा, दहा मिनिटं केबिनमध्ये बसा. मग सहा कोनांचा सॉकेट वापरा. बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करतो.

ट्रान्सफर केस टू-हायमध्ये ठेवा, म्हणजे पुढचा शाफ्ट हाताने फिरेल. झाकणाभोवतीचा बर्फ आणि वाळू पूर्ण पुसून काढा; आत पडलेली वाळू बेअरिंग खाते. खाली डबा धरा, गिअर ऑइल थोडं सांडेल. ते दुधाळ तपकिरी दिसलं तर आत पाणी शिरलंय. गोठलेल्या पाण्यानेच कॉलर धरून ठेवली असण्याची शक्यता असते. मग तिच्यावर ज्वाला धरू नका, कोमट पाण्याची बाटली नळीला बाहेरून टेकवून ठेवा.

झाकण निघालं की त्याच्यासोबत डबी आणि काटा बाहेर येतो, कॉलर शाफ्टवर राहते. ती बोटांनी सरकवून दोन्ही तुकड्यांच्या दात्यांवर अर्धी-अर्धी येईल अशी बसवा. अडली तर दुसऱ्या हाताने प्रोपेलर शाफ्ट इंचभर फिरवा, दाते जुळले की ती लोण्यासारखी सरकते. आता शाफ्ट फिरवून पाहा. चाकं जमिनीवर असल्याने तो थोडासा सैलपणा सोडून फिरता कामा नये. फिरला तर कॉलर एकाच तुकड्यावर आहे.

झाकण परत बसवताना काटा कॉलरच्या खाचेत गेला पाहिजे आणि तिथेच अडकून राहिला पाहिजे. काटा डबीच्या दांड्यावर बसलेला असतो. जोडलेल्या स्थितीत दांड्यावर जी मोकळी जागा उरते ती मोजा, तेवढ्या लांबीचा इंधनाच्या जाड नळीचा तुकडा उभा चिरून दांड्यावर चढवा आणि होज क्लिपने आवळा. क्लिपचा कान फिरत्या भागाकडे येऊ देऊ नका. नळी नसेल तर दांड्यावर दोन होज क्लिप शेजारी-शेजारी चालतात. नुसते केबल टाय सांगणारेही भेटतील. गरम तेलात आणि हादऱ्यात ते किती टिकतील याची खात्री नसते, आणि सुटलेला तुकडा ॲक्सलच्या नळीत फिरत राहतो. आम्ही ते वापरणार नाही.

गॅस्केट फाटलं तर तसंच पुसून झाकण आवळा. थोडं ठिबकेल, घरापर्यंत हरकत नाही. या कप्प्यात सुमारे १५० मिलिलिटर गिअर ऑइल लागतं, सांडलं तेवढं परत घाला. ७५डब्ल्यू-९० ची एक बाटली सोबत असावी आणि ती केबिनमध्ये ठेवावी. ट्रकच्या मागच्या हौद्यात राहिलेली बाटली थंडीत मधासारखी घट्ट झालेली असते.

उष्णतेवर चालणारा ॲक्च्युएटर

१९८८ नंतरच्या शेव्हरले आणि जीएमसीच्या अर्ध्या टनी ट्रकांत एक विचित्र रचना आहे. पुढचा जोड लावणाऱ्या ॲक्च्युएटरमध्ये मोटर नाही, हीटर आहे. बारा व्होल्टने आतला पदार्थ तापतो, फुगतो आणि दांडा बाहेर ढकलतो. उन्हाळ्यात यालाच काही सेकंद लागतात. कडाक्याच्या थंडीत दांडा बाहेर यायला मिनिटभर लागू शकतं. म्हणजे ज्या दिवसांत गरज, त्याच दिवसांत तो सर्वांत मंद. हा विचार कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे.

म्हणून इथे पहिली दुरुस्ती म्हणजे वाट पाहणं. फोर-हाय टाका, चाकं फिरवू नका, पूर्ण दोन मिनिटं थांबा. मग फ्यूज पाहा. मग ॲक्च्युएटरचा कनेक्टर काढून टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला आणि दांडा तरी हलत नसेल तर ॲक्च्युएटर मेलेला किंवा गारठलेला आहे. गारठलेल्याला ऊब देता येते: दोन हँड वॉर्मर त्याच्याभोवती ठेवून फडक्याने गुंडाळा आणि वीज चालू ठेवा. दिवाच लागला नाही तर दोष वायरिंगमध्ये. ट्रान्सफर केसजवळची आणि चेसिसवरची अर्थची जागा मिठाने पांढरी-हिरवी झालेली आढळते. बॅटरीपासून फ्यूजसह थेट वायर दिली तर घरापर्यंत काम चालतं.

मोटरवर चालणारा ॲक्च्युएटर जुन्याच्या जागी आटे फिरवून बसतो आणि वायरिंगच्या जोडासकट संच मिळतो. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी तो नोव्हेंबरच्या आत बसवून घ्यावा.

फोर्डचा उलटा न्याय

१९९९ पासूनच्या फोर्ड सुपर ड्यूटीत बटणाने लागणारे व्हॅक्यूम हब असले तरी चाकाच्या मध्यावर एक खटका आहे: ऑटो आणि लॉक. बटण चाललं नाही तर खाली उतरून दोन्ही चाकांवरचे खटके लॉकवर फिरवायचे. बर्फाने जखडला असेल तर पकडीने पिळू नका, प्लॅस्टिक मोडतं. डी-आयसर मारा, थांबा, हाताने फिरवा.

२००४ पासूनच्या एफ-१५० मध्ये मात्र तर्क बरोबर उलटा आहे. तिथे व्हॅक्यूम जोड सोडवून ठेवतो. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग जोड लावते. त्यामुळे अर्धवट गळती सर्वांत वाईट. दाते धड लागत नाहीत, धड सुटत नाहीत, आणि टू-व्हीलवर असताना पुढच्या चाकातून कर्रर आवाज येतो. उपाय दिसायला चुकीचा वाटतो: गाडी पूर्ण थांबवून हबांकडे जाणारी नळी काढून टाकायची आणि इंजिनकडचं टोक बुजवायचं. दोन्ही हब आपोआप लागतात. रॅमवाल्याची युक्ती इथे वापरली, म्हणजे हबाला थेट व्हॅक्यूम दिला, तर जोड पक्का सुटेल.

ट्रान्सफर केस ऐकत नसेल तर

हाताच्या लिव्हरच्या गाडीत बहुतेक वेळा लिव्हर आणि पेटी यांच्यामधली कडी सुटलेली असते. चेरोकीच्या कडीतली प्लॅस्टिकची बुशं प्रसिद्ध आहेत, नको त्या कारणाने. खाली जाऊन पेटीच्या बाजूचा छोटा दांडा पान्याने थेट ढकला. एनपी२३१ या मॉडेलच्या ट्रान्सफर केसमध्ये क्रम टू-हाय, फोर-हाय, न्यूट्रल, फोर-लो असा आहे. टू-हायपासून एकच टप्पा हवा. दोन टप्पे गेले तर न्यूट्रल, आणि ठोकळे कशाला लावले ते तिथे कळतं. कडी परत जागेवर बसत असेल तर बुशच्या जागी नळीचा तुकडा घालून तारेने बांधा.

बटणाच्या गाडीत आधी फ्यूज, मग मोटरचा कनेक्टर काढून पुसून परत बसवणं. मग मदतनीस बटण दाबत असताना मोटरच्या अंगावर हातोडीच्या लाकडी दांड्याने दोन-तीन हलके ठोके. चिकटलेले कार्बन ब्रश बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतात. ठोके देताना इंजिन बंद, नुसती चावी चालू. तरी हललं नाही तर मोटर उतरवा. फोर्डच्या बोर्ग-वॉर्नर पेट्यांत तिच्या मागे तीन कोनांचा शाफ्ट दिसतो. आत्ताची स्थिती पेनने खुणावून तो ग्रिप प्लायरने फोर-हायपर्यंत फिरवा. मोटरचा कनेक्टर काढूनच ठेवा, नाहीतर चावी फिरवताच ती स्वतःच्या मताने वागेल.

काहीतरी खरंच तुटलं असेल तर

पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला असेल तर शाफ्ट काढून टाकून मागच्या चाकांवर घरी जा. लटकता शाफ्ट तसाच ठेवून निघू नका, तो फिरताना गिअरबॉक्सचं आवरण फोडतो. शाफ्ट सोडवताना क्रॉसच्या टोप्या रबरबँडने किंवा केबल टायने धरून ठेवा. आतल्या सुया बर्फात सांडल्या की तो क्रॉस गेला.

मागचा शाफ्ट तुटला तर उलट करता येतं: तो काढायचा आणि फोर-हायमध्ये पुढच्या चाकांवर जायचं. पण ज्या पेट्यांत मागचा शाफ्ट नुसता आत सरकवलेला असतो, तिथे तो काढताच मागच्या तोंडातून एटीएफ वाहू लागतं. शाफ्टचं पुढचं सरकतं टोक क्रॉसमध्ये वेगळं करून आतच राहू देता आलं तर उत्तम, पण ते बाहेर येऊ नये म्हणून तारेने धरावं लागतं. नाहीतर तोंडावर जाड प्लॅस्टिकची पिशवी दुहेरी करून होज क्लिपने आवळायची आणि दर काही किलोमीटरला थांबून बघायचं. एनपी२३१ मध्ये एकूण तेलच लिटरभराच्या आसपास असतं, त्यामुळे थोडी गळतीही महागात पडते. मागचा शाफ्ट नसताना टू-हायमध्ये पार्कही धरत नाही, हे ठोकळे काढण्याआधी आठवावं.

घरी जाताना

पुढच्या ॲक्सलचा जोड कायमचा लागला म्हणून कोरड्या रस्त्यावर काही बिघडत नाही. ट्रान्सफर केस टू-हायमध्ये असेल तर पुढचा शाफ्ट नुसता फिरत राहतो, थोडं पेट्रोल जास्त जातं. पण वर्षानुवर्षं न फिरलेला तो शाफ्ट कोरडा असण्याची शक्यता मोठी, म्हणून ताशी ७० किलोमीटरच्या आत राहा. खालून चिमणीसारखा चिवचिव आवाज आला तर त्याच्या सांध्यातलं ग्रीस संपलंय, आणखी हळू.

ट्रान्सफर केस फोर-हायमध्ये अडकवली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, तरी दोन्ही शाफ्ट एकाच गतीने बांधलेले. बर्फावर चाकं किंचित घसरून तो फरक मिटवतात. डांबरावर घसरता येत नाही, ताण गिअरांत साठत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी सर्वांत कच्चा भाग जातो. डांबर लागताच पुढचा जोड सोडवा: हब फ्री करा किंवा पुढचा शाफ्ट काढा. ताणामुळे लिव्हर सुटत नसेल तर सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, बहुधा सुटतो.

निघण्याआधी स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधा: कॉलर कुठे अडकवली, कोणती नळी कुठे जोडली, कोणता कनेक्टर काढला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधला माणूस झाकण उघडेल तेव्हा दांड्यावरची ती होज क्लिप कशासाठी आहे हे त्याला त्याशिवाय कळणार नाही.